पप्पांचा मोबाइल, रामाची तृतीया

लॅटिन व्याकरणाचा सराव करून घेणाऱ्या वेबसाइट्स जगात ढिगाने आहेत. मग संस्कृतचा सराव घेणारं एक साधंसं वेब अ‍ॅप जळगाव-धुळ्यात बसून बनवायला काय हरकत आहे? हरकत काहीच नव्हती. फक्त आम्हाला रामसुद्धा धड चालवता येत नाही, हे नंतर कळलं!

‘देव चालव.’ ‘वन चालव.’ ‘माला चालव.’

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ही वाक्यं ऐकून आजही तुमचे हात आपोआप पाठीमागे जातील. रामः रामौ रामाः... गाडी सुसाट सुटायची आणि षष्ठीच्या अनेकवचनाला येऊन धडकायची. मार्कांसाठी मात्र विषय एकदम भारी. आठवीत घ्या, दहावीत शंभरपैकी नव्वदच्या पुढे काढा आणि अकरावीत विसरून जा. माझंही तेच झालं. आज कुणी मला ‘नदी’ चालवायला सांगितली तर मी दुसऱ्या ओळीतच बुडेन.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीत जळगावला आमच्या गच्चीवर झालेली मैफल. भरीत झालं होतं, कळण्याची भाकरी झाली होती, पोटं तुडुंब भरली होती. आमचा दादा पुण्याला हिंजवडीत प्रोग्रॅमर आहे. त्याच्या ऑफिसातला एक जर्मन सहकारी आपल्या मुलीचं लॅटिन पक्कं व्हावं म्हणून एक सरावाची साइट वापरतो, म्हणे. साइट शब्द देते, विभक्ती सांगते, मुलीने रूप टाइप करायचं. बरोबर आलं तर पुढचा शब्द. दादा म्हणाला, “किती सोपं आहे! दोन वीकएंडचं काम.”

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, धुळ्याला एका शाळेत संस्कृत शिकवते. ती शांतपणे म्हणाली, “कर मग. माझ्या आठवीला दे.”

दोन वीकएंडचं काम सात महिने चाललं. मी या प्रोजेक्टमध्ये काहीच करत नव्हते. मी फक्त नोंदी घेत होते, चहा करत होते आणि जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे अशा एसटीच्या खेपा मारत होते. त्यामुळे भांडणं मला सगळी ऐकायला मिळाली.

आधी थोडं लॅटिन

लॅटिन ही आजच्या घडीला कुणाचीच घरची भाषा नाही. तरी तिच्या सरावाची सोय बघा! अमेरिकी हवाई दलातले निवृत्त कर्नल विल्यम व्हिटाकर यांनी ‘वर्ड्‌स’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. लॅटिन शब्दाचं कुठलंही रूप टाका, तो मूळ शब्द, विभक्ती, वचन सगळं सोडवून दाखवतो. व्हिटाकर २०१० साली गेले, प्रोग्रॅम अजून वापरात आहे. ड्युओलिंगोनेही २०१९ मध्ये लॅटिनचा कोर्स आणला.

संस्कृतमध्ये काहीच नाही असं मात्र समजू नका. पॅरिसचे संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांची ‘संस्कृत हेरिटेज’ ही साइट आहे. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संसाधनी’ नावाची साधनं तयार केली. शब्द द्या, ती सगळी रूपं काढून देतात. अष्टाध्यायीतली सगळी सूत्रं टीकांसकट वाचायला देणारी वेबसाइटही आहे. थोडक्यात, जाणकारांची चैन आहे. पण आठवीतल्या, कालच विसर्ग शिकलेल्या पोराला यातलं काय झेपणार? त्याला तयार रूप नको असतं. त्याने रूप स्वतः लिहावं आणि चुकलं तर कुणीतरी शेजारी बसून सांगावं, हे त्याला हवं असतं.

(आणि हो, ‘संस्कृत ही कम्प्युटरसाठी सगळ्यात योग्य भाषा आहे असं नासाने सांगितलंय’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यामागे आहे १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये आलेला रिक ब्रिग्ज यांचा एक लेख. ब्रिग्ज नासाच्या एम्स केंद्राशी जोडलेल्या संस्थेत होते, एवढंच खरं. संस्कृत व्याकरणकारांची वाक्य उलगडायची पद्धत आणि कम्प्युटरमध्ये ज्ञान मांडायची पद्धत यांत साम्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कम्प्युटर संस्कृतवर चालवा, असं नासाने कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या दादाचा लॅपटॉप तर संस्कृत बघून पहिल्याच दिवशी आडवा पडला.)

विसर्ग की कोलन?

पहिलं व्हर्जन तयार झालं. निळं-पांढरं, चकाचक. प्रश्न आला : राम, प्रथमा, एकवचन. ताईने ते वर्गातल्या एका मुलीच्या हातात दिलं. मुलीने लिहिलं, ‘राम:’. स्क्रीन लाल झाली. ‘चूक!’

मुलीने पुन्हा लिहिलं. पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी तिने मोबाइल ताईच्या टेबलावर ठेवला आणि जाऊन जागेवर बसली.

आता तुम्हीच सांगा, यात चुकलं काय? डोळ्यांना काहीच दिसत नाही ना? तिने विसर्गाऐवजी कोलन टाइप केला होता. मोबाइलच्या कीबोर्डवर विसर्ग शोधावा लागतो, कोलन समोरच असतो. माणसाला दोन्ही ठिपके सारखे. कम्प्युटरला मात्र विसर्ग म्हणजे युनिकोडमधलं ०९०३ क्रमांकाचं अक्षर आणि कोलन म्हणजे भलतंच काहीतरी.

त्या रात्री ताईचा फोन आला. दादाला तिने जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. मतितार्थ असा : “माझी पोरगी बरोबर होती. तुझं यंत्र चुकलं. आणि ते तिला सांगतंय की ती चुकली!”

दादाने उत्तर तपासायच्या आधी ते धुऊन घ्यायला सुरुवात केली. कोलन दिसला की त्याचा विसर्ग. शब्दांच्या पोटात लपलेली अदृश्य जोडचिन्हं काढून टाकायची. ‘गङ्गा’ आणि ‘गंगा’ दोन्ही मान्य. कीबोर्डच्या वर स्वतःची एक पट्टी दिली, तिच्यावर विसर्ग, हलन्ताचं चिन्ह, ऋ, ङ, ञ. बोट लावलं की अक्षर हजर.

‘रामम्’ आणि ‘रामं’ यावरून मात्र चांगलं तासभर वाजलं. दादा म्हणे, दोन्ही बरोबर द्या. ताई म्हणे, नाही. पुढे व्यंजन आलं तर अनुस्वार ठीक, पण सुटा शब्द लिहिताना शेवटी ‘म्’च हवा, पेपरातही तसाच. शेवटी तोडगा निघाला. ‘रामं’ लिहिलं तर स्क्रीन लाल होत नाही, पिवळी होते आणि एक ओळ येते : ‘कळलंय तुला. सुटा शब्द आहे, म्हणून शेवटी म् लिही.’

ही पिवळी स्क्रीन म्हणजे माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सगळ्यात हुशार गोष्ट. आणि ती प्रोग्रॅमरला सुचली नाही, मास्तरणीला सुचली.

रामाण्!

दुसरा घोळ जास्त गमतीदार. एकेका शब्दाच्या २४ चौकटी. आठ विभक्त्या, तीन वचनं. (लॅटिनमध्ये द्विवचन नाही, त्यामुळे तिकडचं पोर साधारण १२ चौकटींत सुटतं. सुखी आहे.) दादा म्हणाला, एवढी रूपं कोण टाइप करत बसणार? शेपटांची यादी देऊ, प्रोग्रॅम जोडेल. देव + एन = देवेन. झकास. पण राम + एन = रामेन? नाही, ‘रामेण’. न चा ण होतो.

दादाने नियम लिहिला : शब्दात र, ऋ किंवा ष असेल तर पुढच्या न चा ण करा. चालवून बघितलं. नरेण, बरोबर. वृक्षेण, बरोबर. रथेण...

“रथेन!” ताई किंचाळली.

मग अर्जुनेण आलं. मग द्वितीया अनेकवचनात ‘रामान्’च्या जागी ‘रामाण्’ आलं, तेव्हा आम्ही तिघेही हसून हसून खाली बसलो. रामाण् हा कुठला तरी दाक्षिणात्य सुपरस्टार वाटतो की नाही?

खरा नियम असा : र, ऋ, ष आणि न यांच्या मध्ये स्वर, कवर्ग, पवर्ग, ह, य, व, र किंवा अनुस्वार आला तर चालतो, ण होतो. पण मध्ये च, ट, त या वर्गांतलं अक्षर किंवा ल, श, स आलं की रस्ता बंद. रथात थ आडवा येतो, अर्जुनात ज. आणि न पदाच्या अगदी शेवटी असेल तर तो बदलतच नाही, म्हणून रामान्. ताईने पाणिनी काढला. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाचा चौथा पाद, पहिली दोन सूत्रं. आणि शेवटचा न वाचवणारं सूत्र त्याच पादात सदतिसावं.

दादाने ती तीन सूत्रं बघितली, स्वतःचा कोड बघितला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हा माणूस माझ्यापेक्षा कमी ओळींत लिहितो.”

हे दादाच्याच क्षेत्रातल्या लोकांनी आधीही म्हटलंय. प्रोग्रॅमिंगच्या भाषांची रचना लिहायची एक प्रसिद्ध पद्धत आहे, बॅकस यांच्या नावाची. पीटर इंगरमन यांनी १९६७ साली सुचवलं होतं की तिला पाणिनीचं नाव जोडा, कारण तशी पद्धत तो कधीच वापरून मोकळा झाला होता. साधारण चार हजार सूत्रांत अख्खी भाषा! एकाच ठिकाणी दोन नियम लागू झाले तर जिंकायचं कुणी, यावर तर अजून वाद चालू आहेत. ऋषी राजपोपट यांच्या केंब्रिजच्या प्रबंधाने २०२२ मध्ये या प्रश्नाचं नवं उत्तर मांडलं, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. सगळ्या पंडितांना ते पटलेलं नाही. आमच्याकडे दोन नियम भांडले की ताई जिंकते.

कार्डांचा खेळ

शब्द आले, नियम आले. आता प्रश्न, कुठला शब्द कधी विचारायचा? याचं उत्तर संस्कृतात नाही, माणसाच्या विसरण्यात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आपण आधी भराभर आणि मग हळूहळू विसरतो. त्यावर १९७२ मध्ये सेबास्टियन लाइट्नर यांनी घरगुती उपाय सांगितला. कार्डं करा, खोक्याचे कप्पे करा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, ते उशिरा विचारायचं. चुकलं की पहिल्या कप्प्यात परत, उद्याच विचारायचं. २००६ मध्ये आलेलं ‘आंकी’ आणि त्याच्यासारखी अ‍ॅप्स याच घराण्यातली. मेडिकलची मुलं त्याच्यावर जगतात.

एकेक शब्द टिपून ठेवायचं वेड धुळ्याला नवं नाही, बरं का! इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच धुळ्यात गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या मंडळाने १९३७ साली ‘राजवाडे धातुकोश’ छापला. मराठीतले धातू एकेक करून गोळा केलेले आणि प्रत्येकाचं संस्कृतशी नातं लावलेलं. ना कम्प्युटर, ना एक्सेल. इतिहासाची कागदपत्रं गोळा करत महाराष्ट्रभर वणवण करणारा हा माणूस क्रियापदांची मुळं पण खणत होता! ताईकडे त्या कोशाच्या काही पानांची झेरॉक्स आहे. त्यातल्या सगळ्याच व्युत्पत्त्या आजच्या भाषातज्ज्ञांना मान्य नाहीत, हे ती आधीच सांगून टाकते. पण दादा कंटाळला की ती पानं त्याच्यासमोर ठेवते. औषध लागू पडतं.

पप्पा घरी आले की अभ्यास

आता खरी अडचण. तुम्ही-आम्ही जे अ‍ॅप्स वापरतो त्यांत ‘स्ट्रीक’ नावाची भानगड असते. रोज आलात तर ज्योत पेटती, एक दिवस चुकलात तर भोपळा. दादाने ती हौसेने घातली. पंधरा दिवसांनी ताईने वर्गाची यादी काढली. संस्कृतात सगळ्यात पक्का असलेला मुलगा यादीत तळाला! ज्योत सारखी विझलेली.

तिने त्याला विचारलं. उत्तर साधं होतं. घरात मोबाइल एकच, पप्पांचा. पप्पा रात्री नऊला कामावरून येतात, तोपर्यंत मोबाइल त्यांच्याबरोबर. नऊनंतर आधी दहावीतल्या ताईचा नंबर. त्याचा नंबर येईपर्यंत बॅटरी तरी जाते नाहीतर लाइट. आणि बहीणभाऊ एकाच मोबाइलवर खेळत असल्याने त्याच्या कप्प्यांत तिची कार्डं मिसळलेली. बिचाऱ्याला आठवीत असताना दहावीची रूपं विचारली जात होती, तो चुकत होता आणि यंत्र त्याला पहिल्या कप्प्यात ढकलत होतं.

“मॅडम, मी ढ झालो का?” असं त्याने ताईला विचारलं होतं.

ताईने हे फोनवर सांगितलं तेव्हा दादा गप्प होता. मी गप्प होते. हिंजवडीत बसून प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाइल गृहीत धरणं किती सोपं असतं! स्ट्रीक त्याच रात्री गेली. नंबरांची यादी गेली. सुरुवातीला नाव निवडायची पाटी आली, म्हणजे एका मोबाइलवर चार भावंडं असली तरी प्रत्येकाचे कप्पे वेगळे. एकदा नेटवर उघडलं की पुढे नेट नसतानाही चालेल अशी सोय झाली, कारण खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलांना रेंज मिळते ती धुळ्याच्या स्टँडवरच. आणि ज्यांच्या घरी एकही स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी ताईच्या हट्टाने एक बटण आलं : ‘कागदावर छापा’. त्या आठवड्याची कार्डं एका पानावर. अ‍ॅपमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बटण तेच आहे, असं ताई सांगते. दादाला त्याचा जरा रागच आहे.

घरमा

शेवटचा किस्सा उलट्या प्रश्नांचा. रूप द्यायचं, विभक्ती ओळखायची. ‘रामाभ्याम्’ कुठली विभक्ती? एका मुलाने लिहिलं, चतुर्थी. ‘चूक! तृतीया.’ पण बरोबर होता की तो! तृतीया, चतुर्थी, पंचमी, तिन्हींचं द्विवचन रामाभ्याम्च. रामाच्या चौकटी २४, पण वेगवेगळी रूपं मोजलीत तर जेमतेम १७. मग यातलं नेमकं कुठलं, हे कळणार कशावरून? वाक्यावरून. म्हणून प्रश्नांना वाक्यं जोडायला लागली. आणि तिथे पोरं अडायला लागली. तक्ता पाठ, पण ‘सप्तमी म्हणजे काय?’ विचारलं की ‘सातवी ओळ’!

ताईच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी अहिराणी बोलतात. शाळेत आली की गप्प, कारण ‘शुद्ध बोला’ असं लहानपणापासून ऐकलेलं. ताई कबूल करते, तीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं हेच सांगायची. एके दिवशी वैतागून तिने फळ्यावर लिहिलं : ‘वने’. आणि विचारलं, “घरी काय म्हणता? घरात?”

मागच्या बाकावरून आवाज आला, “घरमा.”

वर्ग हसला. ताई हसली नाही. तिने ‘घरमा’ मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिलं आणि ‘मा’ला गोल केला. ही तुमची सप्तमी. मग ‘रामले’, त्यातला ‘ले’ : ही चतुर्थी. ‘रामना भाऊ’, त्यातला ‘ना’ : ही षष्ठी. शेपूट बदललं की काम बदलतं, हे तुम्हाला बोलायला लागल्यापासून येतंय!

“माले समजी गयं!” मागचा बाक.

दादाने दुसऱ्या दिवशी इशाऱ्यांचं बटण बनवलं. अडलास तर दाब. हवा तर मराठी इशारा, हवा तर अहिराणी. अहिराणी इशारे मागच्या बाकाने लिहून दिलेत. त्यांच्यातही एकमत नाही. धुळ्याकडची एक बोली, अमळनेरकडची थोडी वेगळी, आणि जळगाव-भुसावळकडची लेवा मंडळी तर आपली गणबोली घेऊन वेगळीच उभी. एका ‘पासून’वरून (म्हणजे पंचमीवरून!) दोन मुलं मधल्या सुट्टीत अशी भांडली की तिसऱ्याने दोन्ही लिहून टाकले.

आता ताईला धातू हवे आहेत. वर्तमान, भूत, आज्ञार्थ, विध्यर्थ, प्रत्येकी नऊ रूपं, वर परस्मैपद-आत्मनेपद. तिने चाळीस धातूंची यादी वहीच्या पानावर लिहून दादाला पाठवली. दादाने उत्तर दिलं, “सोपं आहे. दोन वीकएंडचं काम.”

मी एसटीचा पास काढून ठेवलाय.